कॅप्टनच्या पेनाने मारलेली फुली

२९ मे, रविवार

टॅम्सिनला बाळ होणार! ऑक्टोबरात. म्हणजे ऐन द्राक्षतोडणीत, पण बाळाला तोडणीचं काय. मी ऐकलं आणि हातातली मटाराची शेंग सालासकट खाऊन टाकली. क्लाइव्ह म्हणाला, "आई, तू पणजी होणार म्हणजे मी आजोबा होणार. जरा माझ्याकडेही बघ की." त्याच्याकडे काय बघायचं? माझा मुलगा असला तरी सांगते, तो पाळण्यात होता तेव्हापासून आजोबासारखाच वागतोय.

दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, मिसेस बॉटिंग, रोज थोडं लिहीत जा, डोकं ताजं राहतं. रोज काय लिहिणार? पण आज लिहिण्यासारखं आहे. शुद्धलेखनाचं कोणी विचारू नये. शाळेत मी गेले तशी कमीच. आधी लढाई होती, मग दर सप्टेंबरात आई आम्हा सगळ्यांना हॉपच्या तोडणीला न्यायची. बियरला लागतात ती बोंडं. बोटं काळी व्हायची आणि वास नाताळापर्यंत जायचा नाही. बाई हजेरीपटावरून नाव काढायच्या, आई जाऊन परत घालायची. तेवढंच माझं शिक्षण.

माझे यजमान विल्फ गेले तेव्हा या उतारावर सफरचंदं होती. क्लाइव्हने झाडं उपटली आणि द्राक्षं लावली. सगळं गाव हसलं. ससेक्समध्ये द्राक्षं! मीही हसले, पण घरात. टॅम्सिन शिकून आली आणि तिने त्या आंबट द्राक्षांची फसफसणारी वाइन केली, शॅम्पेनसारखी. शॅम्पेन म्हणायचं नाही, फ्रेंच लोक रागावतात. फ्लोरिन द्राक्षं तोडायला म्हणून रोमानियाहून आला होता तो राहिलाच. आधी तळघरात, मग टॅम्सिनच्या मनात. दोघांनी मागच्या वर्षी लग्न केलं. उलट्या खोचलेल्या बाटल्या तो दोन्ही हातांनी अशा झटझट फिरवतो की गाळ सगळा तोंडाशी येतो आणि वाइन आरशासारखी होते. मी एकदा करून बघितलं. दोन बाटल्या फुटल्या. तेव्हापासून मी खुर्चीवर बसून बघते.

आता टॅम्सिनला वाइन चाखून थुंकावी लागते. थुंकताना तिचा चेहरा असा होतो, जसा विल्फचा चर्चमध्ये वर्गणीचं ताट पुढे आलं की व्हायचा.

५ जून

राणीसाहेबांना नव्वद वर्षं झाली म्हणून पुढच्या रविवारी गावजेवण आहे. आज हॉलवर समितीची बैठक झाली. सँडविच करायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून गेले. समितीचे अध्यक्ष कॅप्टन पेलिंग. आरमारातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खुर्चीवर बसताना आधी ती हलत नाही ना ते बघतात.

टॅम्सिन उठून म्हणाली, राणीच्या नावाने प्याला उचलायचा तर आपल्याच गावची वाइन घ्या. आम्ही देतो.

कॅप्टन म्हणाले, "बाळ, भावना पोचल्या. पण राणीला दीर्घायुष्य चिंतायचं ते शॅम्पेननेच. माझ्या वडिलांनी तिच्या राज्याभिषेकाला शॅम्पेनच उघडली होती."

"पण ती फ्रान्सची आहे," टॅम्सिन म्हणाली.

"हो, म्हणूनच चांगली आहे."

क्लाइव्ह मागून म्हणाला, "कॅप्टन, तुमच्या फाटकावर 'युरोपातून बाहेर पडा' असा दरवाजाएवढा फलक आहे."

"राजकारण वेगळं आणि जीभ वेगळी, बॉटिंग," कॅप्टन म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. नंतर टॅम्सिनचा चेहरा दिसला, म्हणून थांबले.

शेवटी ठरलं ते असं: प्याला शॅम्पेनचा, आणि टॅम्सिनची एक बाटली सोडतीत बक्षीस म्हणून ठेवायची. मला वाटलं, चला, ठेवतायत तरी.

१२ जून

दिवसभर पाऊस. मैदानावरची टेबलं तंबूत आणली. ट्रायफलच्या पुडिंगमध्ये पावसाचं पाणी गेलं, पण त्यात शेरीची दारूच इतकी होती की कळलं नाही. व्हायोलेट अप्पर्टनने राणीचा केक केला होता, त्यावरची राणी व्हायोलेटसारखीच दिसत होती.

कॅप्टननी प्याला उचलला. सगळ्यांनी शॅम्पेन घेतली. मी घेतली तर टॅम्सिन बघेल म्हणून चहा घेतला आणि मग व्हायोलेटच्या ग्लासातला एक घोट घेतला. बरी होती. फार नाही.

मग सोडत. बाटलीवर विल्फच्या मेंढीचं चित्र आहे, टॅम्सिनने काढून घेतलेलं, ती एका कानाने लंगडी होती. कान नव्हे, पाय. तर ती बाटली व्हायोलेटलाच लागली. व्हायोलेट टपालाचं दुकान चालवते, मनाने वाईट नाही. तिने बाटली हातात घेऊन फिरवून बघितली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "ही बदलून ती पावडर मिळेल का? लव्हेंडरची?" सोडतीच्या टेबलावरच्या बाईंनी बदलून दिली. बाटली पुन्हा टेबलावर. नंतर ती एका माणसाला लागली, त्याने त्याऐवजी कार पुसायची फडकी घेतली. शेवटी ती फ्लोरिनला लागली. त्याचं तिकीट मीच काढलं होतं.

तो बाटली काखेत धरून आला आणि म्हणाला, "आजी, आमचं नशीब बघा. पहिलं बक्षीस!" त्याने असं सांगितलं की मला हसू आलं. टॅम्सिनला नाही आलं.

घरी आल्यावर ती चुलीजवळ बसून म्हणाली, "इथे नकोय कोणाला. फ्लोरिनचे काका कधीपासून बोलावतायत. त्यांच्या डोंगरावर जुन्या वेली आहेत, घर आहे. जायचं तर बाळ व्हायच्या आधी जायला हवं."

फ्लोरिन म्हणाला, "बघू. तेवीस तारीख होऊ दे."

तेवीस तारखेला मतदान आहे, युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं. त्याचा आणि काकांच्या डोंगराचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच. बाळ रोमानियात झालं तर मी त्याला बघणार कधी? मला बोगद्यातल्या गाडीची भीती वाटते आणि विमानाची त्याहून. वाइन खपायला हवी. वाइन खपली की ही दोघं कुठे जातायत!

१४ जून

व्हायोलेटच्या दुकानात बेकन आणायला गेले, फ्लोरिन गाडी घेऊन बरोबर. व्हायोलेट त्याला म्हणाली, "मग काय, घरी कधी परत?" मी म्हटलं, "हे बेकन मिळालं की लगेच. बटाटे चुलीवर ठेवून आलेय." व्हायोलेट लाल झाली. का कोण जाणे, तिला अलीकडे असं होतं. परत येताना फ्लोरिनने माझा हात हातात घेऊन ओठांना लावला, गाडी चालवताना. मी म्हटलं, रस्त्याकडे बघ.

दुपारी कॅप्टन पेलिंग आले. पत्रकं वाटत होते. मी त्यांना आत घेतलं, माणूस भिजलेला होता. चहा झाल्यावर म्हणाले, "मिसेस बॉटिंग, तुम्ही तर बाहेर पडायलाच मत द्यायला हवं. तुमच्या घरचा फायदा आहे."

"तो कसा?"

"सोपं आहे. आपण बाहेर पडलो की फ्रेंच बाटलीवर कर बसेल. शॅम्पेन अशी महागेल की लग्नाला, बारशाला, कुठेच परवडायची नाही. मग लोक काय पितील? आपलीच! तुमच्या नातीला बाटल्या भरायला हात पुरणार नाहीत."

मी विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही प्याल?"

त्यांनी छातीवर हात ठेवला. "पहिली बाटली माझी."

आरमारातल्या माणसाने छातीवर हात ठेवला म्हणजे ठेवला. त्यांना मी केकचा दुसरा तुकडा दिला.

१९ जून

जेवताना भांडण. म्हणजे क्लाइव्ह आणि टॅम्सिन एकाच बाजूला होते आणि तरी भांडले. तिने खिडकीत 'राहा' असं मोठं लावलंय. क्लाइव्ह म्हणतो, लाव, पण गिऱ्हाइकं दुखावतील. ती म्हणते, कुठली गिऱ्हाइकं?

तो म्हणाला, "तोडायला कोण येणार, हा माझा प्रश्न आहे. सगळी फ्लोरिनच्या गावची पोरं येतात." मी म्हटलं, आमच्या वेळी बायकाच तोडायच्या, लंडनहून आगगाडीने यायच्या, पोरं कडेवर घेऊन. "आई, त्या बायका मेल्या," क्लाइव्ह म्हणाला. हे मात्र खरं. माझ्या शेजारी हॉप तोडायची ती डॉरिसही गेली मागच्या हिवाळ्यात.

टॅम्सिनने विचारलं, "आजी, तू राहायलाच देणार ना?" मी म्हटलं, मत कोणाला ते विचारायचं नसतं. विल्फला मी उभ्या संसारात सांगितलं नाही. तोही मला नाही. एका गादीवर झोपायचो, पण मतपेटी ज्याची त्याची. टॅम्सिन हसली आणि माझ्या गालाचा मुका घेऊन म्हणाली, "म्हणजे राहायलाच." पोरीला वाटलं तसं वाटू दे. कळेल तेव्हा उडीच मारेल.

२३ जून, गुरुवार

झालं माझं काम.

सकाळपासून धो धो. फ्लोरिनने मला हॉलवर नेलं. क्लाइव्ह आणि टॅम्सिन सकाळीच जाऊन आले होते. बाहेर कुत्री बांधलेली, सगळी ओली, आणि त्या ओल्या कुत्र्यांचा वास पार आतपर्यंत. मी फ्लोरिनला म्हटलं, ये की आत, तुझंही टाक. तो म्हणाला, "आजी, मला या वेळी मत नाही. गावच्या निवडणुकीत असतं, यात नाही."

"तू इथे कर भरतोस की रे."

"भरतो."

"मग?"

"मग मी तुमची पर्स धरतो," तो म्हणाला. मी आत गेले तेव्हा तो दारात उभा होता, माझी तपकिरी पर्स दोन्ही हातांत धरून, एखादं कोकरू धरल्यासारखी. लोक त्याच्या बाजूने आत जात होते.

आत दोरीला पेन्सिल बांधलेली होती. कॅप्टन तिथेच होते. कुजबुजले, "पेन्सिल नको, पुसतात म्हणे. हे माझं पेन घ्या." चांगलं जड पेन, सोन्याच्या टोपणाचं. मी फुली मारली. 'बाहेर पडा'च्या चौकोनात. शाळेत सही येत नव्हती तेव्हा फुलीच मारायचे, त्यामुळे फुली माझी सुरेख येते. पेन परत दिलं.

कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण गाडीत बसल्यावर राहवेना. म्हटलं, "फ्लोरिन, तुझ्यासाठी काम करून आलेय. बाहेर पडायला दिलं. आता बघ शॅम्पेन कशी महागते ती. तुमच्या बाटल्या गाडीवर गाडी भरून जातील. डोंगरावर जायची गरज नाही की काही नाही. टॅम्सिनला मात्र आत्ता सांगू नकोस, उद्या सांगू."

काच पुसायचे ते दांडे नुसते खर्र खर्र करत होते. चर्चपाशी डावीकडे वळायचं तर तो उजवीकडे वळला, आणि आम्ही तळ्याला वळसा घालून घरी आलो. फाटकापाशी आल्यावर म्हणाला, "थँक्यू, आजी." आणि मला उतरवताना छत्री सगळी माझ्यावर धरली. स्वतः भिजला. गुणी पोरगा.

२४ जून

बाहेर पडलो!

सकाळी खाली आले तर टॅम्सिन स्वयंपाकघरात रडत होती. आनंदाने नव्हे. क्लाइव्ह रेडिओला कान लावून. फ्लोरिन तिच्या पाठीवर हात फिरवत उभा, त्याचे डोळे बाटल्या मोजतो तसे भिंतीवर.

टॅम्सिन म्हणाली, "हे आपल्याच गावातले लोक आहेत. ज्यांनी बाहेर पडायला मत दिलं, त्यांच्याबरोबर मी एका टेबलावर जेवणार नाही. कोणी का असेना."

मी म्हणायला लागले, "अगं, पण ऐक तरी..."

तेवढ्यात फ्लोरिन म्हणाला, "आजीने राहायला दिलं. मी होतो ना बरोबर."

टॅम्सिन उठली आणि माझ्या गळ्यात पडली. तिच्या पोटाचा गोळा मला लागला, कडक, गोल. मी फ्लोरिनकडे बघितलं. त्याने माझ्या हातात चहाचा ट्रे दिला. "क्लाइव्हना द्या, आजी, गार होतोय."

आता मला सांगा, मी त्याला स्वच्छ सांगितलं होतं. कान ठीक आहेत त्याचे. बाटलीत गाळ हलला तरी ऐकू येतं त्याला. मग?

दुपारी कॅप्टन पेलिंग आले. दारातच होते, हातात बाटली. "मिसेस बॉटिंग, विजय साजरा करायला हवा!" मी बघितलं तर शॅम्पेन. फ्रान्सची. मी म्हटलं, "तुम्ही तर आमची पिणार होतात."

"पिऊ हो, पिऊ. ही मी खास या दिवसासाठी जपून ठेवली होती."

मी म्हटलं, घरात सगळ्यांना बरं नाहीये. ते म्हणाले, अरेरे, काय झालं? मी म्हटलं, पोटाचं. आणि दार लावलं. शब्द देऊन विसरायचं, आरमारात असं चालत असेल.

२७ जून

युरोपच्या फुटबॉल स्पर्धेतही हरलो, आइसलँडकडून. क्लाइव्ह म्हणाला, एका आठवड्यात युरोपातून दोनदा बाहेर.

शॅम्पेन अजून महाग झालेली नाही. व्हायोलेटच्या दुकानात विचारलं. ती म्हणाली, आम्ही शॅम्पेन ठेवतच नाही. मग क्लाइव्हला विचारलं, महागायला किती दिवस लागतात? त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आई, हे तुला कोणी सांगितलं? वर्षं लागतील. कदाचित कधीच नाही."

"आणि फ्लोरिनचं काय?"

"तेच तर," तो म्हणाला. "त्याला राहू देतील की नाही, कुठल्या अटीवर, कोणालाच माहीत नाही. टॅम्सिन सारखी हेच तर सांगत होती. खिडकीतसुद्धा लावलं होतं."

खिडकीतलं मी चष्म्याशिवाय वाचत नाही. आणि तिने 'राहा' एवढंच लावलं होतं, कोणी राहायचं ते लिहिलं नव्हतं.

फ्लोरिन दोनदा काकांशी फोनवर बोलला. त्यांच्या भाषेत. मला फक्त 'टॅम्सिन' कळलं, आणि एकदा 'बॉटिंग'.

मी आज तळघरात जाऊन बसले होते. तो बाटल्या फिरवत होता. मी म्हटलं, "फ्लोरिन, तू त्या दिवशी खोटं का बोललास?" तो फिरवतच राहिला. ओळ संपल्यावर म्हणाला, "आमच्याकडे आजीला मत विचारत नाहीत." मी म्हटलं, आमच्याकडेही नाही. मग दोघंही बसलो. आज मला जेवण गेलं नाही, पण ते कालच्या माशामुळेही असेल.

१ जुलै

टॅम्सिनने माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्यात. मी विचारलं नाही. बाळासाठी टोपी विणायला घेतली. पिवळी. कुठेही थंडी असतेच.

३ जुलै, रविवार

आज सगळं व्यवस्थित केलं. मेंढीची तंगडी, पुदिन्याची चटणी, बटाटे चरबीत लाल होईपर्यंत. जाणारच असतील तर निदान पोटभर जेवून तरी. फ्लोरिनने त्यांची बाटली उघडली, तीच सोडतीतली. क्लाइव्ह एक घोट घेऊन म्हणाला, "हे सोडून लोक पावडर घेतात." कधी नव्हे ते त्याने बरं काहीतरी म्हटलं.

टॅम्सिनने सुरी खाली ठेवली. "आजी, बाबा, आम्हाला सांगायचंय. पेट्या मी पुन्हा वर ठेवतेय. फ्लोरिनने काल काकांना नाही म्हणून कळवलं. आम्ही इथेच राहतोय. काही होवो, कागदपत्रं लागतील ती लागोत. बाळ इथेच होईल."

मी खुर्चीवरून उठले तर गुडघा धरला आणि परत बसले. मला इतका आनंद झाला की चटणीचं भांडं कुठे ठेवलं तेच दिसेना. बाळ इथे! वरच्या खोलीत, खिडकी द्राक्षांकडे, आणि मी जिना चढून जाऊन बघू शकेन, सावकाश सावकाश का होईना.

टॅम्सिन उठून माझ्याजवळ आली, खाली बसली आणि माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "तुझ्यामुळे राहतोय, माहितीये तुला? मी जायचंच धरलं होतं. पण मग म्हटलं, या वयात, त्या पावसात, ही बाई आमच्यासाठी मत द्यायला गेली. सगळं गाव एकीकडे आणि तू एकटी आमच्या बाजूने. तुला या लोकांत टाकून मी कशी जाऊ?"

तिच्यासाठीच गेले होते. ते खोटं नाही. पावसातून गेले होते, तेही खरं.

मी तोंड उघडलं. सांगायचंच होतं मला. टॅम्सिनच्या डोक्यावरून समोर फ्लोरिन दिसत होता. हातात ग्लास, ग्लासात बुडबुडे वर येत होते, आणि तो माझ्याकडे बघत होता. मान हलवली नाही की काही नाही. नुसता बघत होता.

मी विचारलं, "आणखी बटाटे कोणाला हवेत?"

फ्लोरिनने ताट पुढे केलं. त्याचे आधीचे बटाटे ताटात तसेच होते. मी वाढले.